झाकलेला ख्रिस्त: रिओ कार्निव्हल १९८९, एक प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

फेब्रुवारी १९८९ मध्ये रिओ दि जानेरोच्या कार्निव्हलमध्ये बेइजा-फ्लोर या सांबा स्कूलच्या (ही शाळा नव्हे, कार्निव्हलच्या स्पर्धेत मिरवणूक काढणारी वस्तीची संघटना) सर्वांत पुढच्या चित्ररथावर एक भला मोठा ख्रिस्त उभा होता. कोर्कोवादो डोंगरावरच्या पुतळ्यासारखाच, हात पसरलेला, पण अंगावर चिंध्या. कॅथलिक धर्मप्रांतानं कोर्टात जाऊन तो दाखवायला बंदी आणली. स्कूलनं तो काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला, त्यावर एक फलक लावला आणि तसाच रस्त्यावर उतरवला. ब्राझीलच्या कार्निव्हलमधलं बहुधा सर्वांत जास्त आठवलं जाणारं दृश्य म्हणजे हे गाठोडं.

या निर्णयाकडे लोक एक तर हौतात्म्य म्हणून पाहतात, नाही तर नशीब म्हणून. माझ्या मते तो ऐनवेळी घेतलेला पण विचारी निर्णय होता, आणि त्याची किंमतही होती. न्यायाधीश, वकील आणि धर्मप्रांताचे पदाधिकारी इथे भूमिकेनं येतात, नावानं नाही. ज्यांची नावं घेतली आहेत ती कार्निव्हलच्या इतिहासात जाहीर आहेत.

पार्श्वभूमी

ब्राझीलमध्ये कार्निव्हल पोर्तुगीजांबरोबर आला, तो ‘एंत्रुदो’ या रूपात. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आधी एकमेकांवर पाणी, पीठ आणि जे हाताला लागेल ते फेकायचं. गोव्यात कार्निव्हलला ‘इंत्रुज’ म्हणतात, तो हाच. एकोणिसाव्या शतकात रिओच्या पोलिसांनी या धुळवडीवर पुन्हा पुन्हा बंदी घातली आणि प्रतिष्ठितांनी युरोपच्या धर्तीवर मुखवट्यांचे बॉल (नाचाचे मेळावे) आणि सजवलेल्या गाड्यांच्या मिरवणुका सुरू केल्या. सांबाचा कार्निव्हल त्यानंतरचा, आणि तो काळ्या, गरीब वस्त्यांमधून आला. एस्तासिओ वस्तीत १९२८ साली ‘देइशा फालार’ हा गट निघाला. १९३२ साली एका क्रीडा वृत्तपत्राच्या पुढाकारानं प्रासा ओन्झे या चौकात सांबा स्कूलांची पहिली स्पर्धा झाली, ती मांगेइरा या स्कूलनं जिंकली. १९३५ पासून नगरपालिकेनं स्पर्धेला अधिकृत दर्जा आणि अनुदान दिलं.

अनुदान आलं तशा अटीही आल्या. राष्ट्राध्यक्ष गेतुलिओ व्हार्गासच्या काळात स्कूलांनी देशाच्या इतिहासावरचेच विषय मांडायचे असा दंडक पडला. दरवर्षी प्रत्येक स्कूल एक कथासूत्र निवडते (त्याला ‘एन्रेदो’ म्हणतात), त्यावर त्या वर्षीचा सांबा रचला जातो आणि सगळे पोशाख, चित्ररथ त्यावरच बेततात. त्यामुळे एन्रेदोवर ज्याचं नियंत्रण, त्याचं सगळ्या मिरवणुकीवर नियंत्रण. १९६० च्या दशकात साल्गेइरो या स्कूलनं याच दंडकातून वाट काढली: इतिहासच सांगायचा ना, मग पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या पाल्मारेसचा इतिहास सांगू. १९६४ साली लष्कर सत्तेवर आलं. १९६९ मध्ये इम्पेरिओ सेरानो या स्कूलनं स्वातंत्र्यवीरांवर सांबा रचला, तेव्हा सेन्सॉरच्या दबावाखाली त्यातल्या ‘रेव्होलुसाँव’चं, म्हणजे क्रांतीचं, ‘एव्होलुसाँव’, उत्क्रांती, करावं लागलं. एक अक्षर गेलं आणि सांबा पास झाला.

आणि बेइजा-फ्लोर? ते तेव्हा सत्तेच्या बाजूला होतं. रिओ शहराबाहेर बैशादा फ्लुमिनेन्से या कामगारवस्तीच्या पट्ट्यात निलोपोलिस आहे, तिथे १९४८ च्या नाताळात ही संघटना जन्मली. १९७५ साली तिनं मांडलेला विषय होता ‘महान दशक’, म्हणजे लष्करी राजवटीच्या दहा वर्षांचं गुणगान, त्यात सरकारच्या साक्षरता मोहिमेची स्तुतीही. १९८९ च्या बंडाची गोष्ट सांगणारे हा भाग सहसा गाळतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण बंड करणं हा या स्कूलचा स्वभाव नव्हता. तिला जिंकायचं होतं.

जिंकण्यासाठी तिनं दोन गोष्टी मिळवल्या. एक म्हणजे पैसा. तो ‘जोगो दो बिशो’ चालवणाऱ्या आश्रयदात्याकडून आला. पंचवीस प्राण्यांवर आकडा लावायचा हा बेकायदा जुगार म्हणजे आपल्या मटक्याचा ब्राझीलमधला भाऊबंद, आणि रिओच्या बहुतेक बड्या स्कूलांमागे याच धंद्यातली माणसं होती. दुसरी गोष्ट म्हणजे जोआओझिन्यो त्रिंता. मूळचे मारान्याओ राज्यातल्या साओ लुइसचे, रिओच्या म्युनिसिपल थिएटरात बॅले नाचलेले त्रिंता साल्गेइरोला १९७४ आणि १९७५ ची जेतेपदं मिळवून देऊन १९७६ साली बेइजा-फ्लोरमध्ये ‘कार्नावालेस्को’ म्हणून आले. एन्रेदोची कल्पना, पोशाख, चित्ररथ या सगळ्याचा सूत्रधार तो कार्नावालेस्को. १९७६, ७७ आणि ७८ असे सलग तीन मुकुट आले. पहिल्याच वर्षीचा विषय होता चक्क जोगो दो बिशो. त्रिंतांचे चित्ररथ उंच, चकचकीत, आरशांनी आणि पिसांनी लगडलेले. उपाशी वस्तीत एवढी उधळपट्टी कशाला, या टीकेवर त्यांच्या नावानं एक उत्तर अजून सांगितलं जातं: लोकांना ऐश्वर्य आवडतं, दारिद्र्य आवडतं ते बुद्धिवंतांना.

१९८४ साली वास्तुविशारद ऑस्कार निएमेयर यांनी आखलेला सांबाड्रोम मार्केस दे सापुकाई रस्त्यावर उभा राहिला. साधारण सातशे मीटर लांबीचा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या पायऱ्या. त्याच वर्षी बड्या स्कूलांनी स्वतःची ‘लिएसा’ ही लीग काढली. तिकिटं आणि टीव्हीचे हक्क यांचं मोल वाढलं. उंचावरून आणि कॅमेऱ्यातून जे दिसेल तेच टिकणार, हे त्रिंतांच्या शैलीला मानवणारंच होतं. पण १९८३ नंतर बेइजा-फ्लोरला जेतेपद मिळालं नव्हतं.

प्रश्न

१९८९ चा ब्राझील डोळ्यांसमोर आणायला हवा. लष्करी राजवट १९८५ मध्ये संपलेली. ५ ऑक्टोबर १९८८ ला नवी राज्यघटना लागू झालेली, आणि त्यात अभिव्यक्ती सेन्सॉरशिवाय मुक्त असेल असं स्पष्ट लिहिलेलं. महागाई इतकी बेफाम, की कार्निव्हलच्या काही आठवडे आधी, जानेवारीत, सरकारनं तीन शून्यं उडवून नवं चलन आणलं होतं. अशा वर्षी पिसं आणि आरसे विकत घेऊन तेच ते ऐश्वर्य पुन्हा दाखवायचं का?

त्रिंतांनी उलट टोक गाठलं. एन्रेदोचं नाव ‘उंदरांनो, गिधाडांनो, माझा पोशाख सोडा’. कल्पना अशी, की शहराच्या कचऱ्यातून चिंध्या, डबे, फाटके पडदे, मोडकी झुंबरं उचलायची आणि रस्त्यावरच्या माणसांनी त्यातून स्वतःचा मुखवट्यांचा बॉल भरवायचा. भिकारी, वेडे, अनाथ पोरं, वेश्या, सगळ्यांना आमंत्रण. ऐश्वर्याच्या बादशहानं कचऱ्याचा कार्निव्हल मांडला, यातच अर्धी खळबळ होती.

या बॉलचा यजमान होता ख्रिस्त. एखादा सर्वसाधारण ख्रिस्त नव्हे, तर ‘क्रिस्तो रेदेंतोर’, म्हणजे तारणहार ख्रिस्त. १९३१ पासून कोर्कोवादोवर उभा असलेला, शहराच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यातून दिसणारा. त्याला चिंध्या घालून त्रिंतांनी भिकाऱ्यांच्या मधोमध आणून उभा केला.

धर्मप्रांताच्या दृष्टीनं हा पवित्र प्रतिमेचा अवमान होता. इथे एक गोम आहे. लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांनी १९७९ साली मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या परिषदेत गरिबांच्या बाजूनं उभं राहण्याची भूमिका घेतली होती आणि ब्राझीलमधले कितीतरी पाद्री मुक्ती-धर्मशास्त्राच्या, म्हणजे गरिबांच्या मुक्तीला धर्माचं काम मानणाऱ्या विचाराच्या, वाटेनं चालले होते. भिकाऱ्यांमधला ख्रिस्त त्यांना परका नव्हता. पण रिओचं धर्मपीठ पुराणमतवादी होतं, आणि याच दशकात, १९८५ साली, व्हॅटिकननं याच विचाराचे ब्राझीलचे धर्मशास्त्रज्ञ लिओनार्दो बोफ यांना काही काळ मौनाची शिक्षा दिली होती. म्हणजे चिंध्यांतला ख्रिस्त ही केवळ कार्निव्हलची खोडी राहत नव्हती, चर्चच्या आतल्या भांडणालाच तिनं हात घातला होता. ‘नग्नता आणि दारूच्या उत्सवात देवाची मूर्ती’ ही तक्रार वर दिसत होती. माझ्या मते खाली हे भांडण होतं.

पूज्य माणसाला कार्निव्हलमध्ये आणलं की वाद होतोच, असं मात्र नाही. ब्राझीलच्याच साल्वादोर शहरात गोदी कामगारांनी १९४९ साली, गांधीजींच्या हत्येनंतर साधारण वर्षभरानं, ‘फिल्योस दे गांधी’ म्हणजे गांधींची मुलं हा गट काढला. पांढरे झगे, पांढरे फेटे, शांततेचा संदेश आणि आफ्रिकी देवतांची गाणी. तो गट आजही निघतो. फरक एवढाच, की गांधींच्या प्रतिमेवर साल्वादोरमध्ये मालकी सांगणारं कुणी नव्हतं. रिओत ख्रिस्तावर ती सांगणारी संस्था होती, आणि तिच्याकडे वकील होते.

कार्निव्हल तोंडावर आलेला असताना कोर्टाचा मनाई हुकूम आला: ही मूर्ती दाखवायची नाही.

पर्याय

या क्षणी स्कूलच्या हातात काय होतं, हे स्पर्धेच्या नियमांवरून आणि चित्ररथांच्या कामावरून मी मांडतो आहे.

अपील करणं हा सरळ मार्ग. घटना चार महिन्यांची कोवळी, सेन्सॉरविरोधी कलम ताजं, खटला तत्त्वाचा. पण कोर्टाचं कॅलेंडर आणि कार्निव्हलचं कॅलेंडर यांचा मेळ बसत नाही. मिरवणूक एकदाच निघते. ऐनवेळी वरच्या कोर्टात दाद मागून हुकूम फिरला तर उत्तमच, नाही तर आयत्या वेळी हातात काहीच नाही.

चित्ररथ काढून टाकणं सुरक्षित होतं. पण तो ‘आब्रे-आलास’, म्हणजे वाट उघडणारा पहिला रथ होता. स्कूलची ओळख तोच करून देतो, आणि या मिरवणुकीत कथा तिथूनच सुरू होत होती. तो गेला तर मागे हजारो माणसं चिंध्या घालून का नाचताहेत, हे प्रेक्षकाला आणि परीक्षकाला कळायला आधारच नाही. एन्रेदो आणि चित्ररथ या दोन्ही निकषांवर गुण जाण्याचा धोका.

मूर्ती बदलणं, म्हणजे हात खाली करणं, चेहरा बदलणं, नुसता एक भिकारी करणं, हे कागदावर सोपं. लाकूड, लोखंड, फायबर आणि कागदाच्या लगद्याचं ते धूड काही दिवसांत, तेही बाकीचे रथ अपुरे असताना, पुन्हा घडवणं हे दुसरंच काम.

हुकूम मोडून मूर्ती उघडी नेणं हा चौथा पर्याय. टाळ्या मिळाल्या असत्या. पण पोलिसांनी रथ दारातच अडवला असता तर मागची सगळी रांग अडकली असती, आणि ठरलेल्या वेळेत पट्टा ओलांडला नाही की गुण कापले जातात. शिवाय स्कूलच्या आश्रयदात्याचा धंदाच बेकायदा. अशा संघटनेला कोर्टाशी उघड वैर परवडणारं नव्हतं. हे कारण उत्साही वर्णनांमध्ये कधीच वाचायला मिळत नाही.

उरला पाचवा: मूर्ती न्यायची, पण दाखवायची नाही.

काय केलं

मूर्ती काळ्या प्लास्टिकनं नखशिखान्त झाकली. कचऱ्याच्या पिशव्यांचं असतं तसलं प्लास्टिक. छातीशी फलक लावला: ‘बंदी असली तरी, आमच्यावर लक्ष असू दे.’ कल्पना त्रिंतांची की स्कूलच्या सांबाची आणि शिस्तीची बाजू सांभाळणाऱ्या लाइला यांची, यावर निलोपोलिसमध्ये अजून वाद घालता येतो. श्रेय दोघांनाही दिलं जातं.

हुकमाचं तंतोतंत पालन झालं होतं. ख्रिस्त कुणालाही दिसत नव्हता. पण पसरलेले हात प्लास्टिकखाली लपत नाहीत, आणि रिओत ती आकृती न ओळखणारं माणूस सापडायचं नाही. दुसरं म्हणजे झाकण्याचं साधन विषयातूनच आलं होतं. कचऱ्यावरच्या मिरवणुकीत कचऱ्याचीच पिशवी. मखमली पडदा टाकला असता तर तो नुसता पडदा झाला असता. तिसरी गोष्ट फलकावरच्या शब्दांची. त्यात कोर्टाला शिवी नाही, चर्चला टोमणा नाही. ती प्रार्थना आहे, चर्चमध्ये म्हणता येईल अशी. ज्यांनी मूर्ती झाकायला लावली, त्यांना त्या वाक्यावर आक्षेप घेणं अवघड होतं. मला या प्रकरणातला सर्वांत हुशार भाग हाच वाटतो. चिडलेल्या माणसांनी इतक्या कमी वेळात न चिडता लिहिलं.

सोमवारची रात्र संपून मंगळवार, ७ फेब्रुवारीचं उजाडलं, तेव्हा बेइजा-फ्लोर पट्ट्यावर आलं. दिव्यांऐवजी दिवसाचा उजेड. चकचकीत रथांना सकाळचं ऊन मारक ठरतं, सगळी ठिगळं दिसतात. इथे ठिगळंच दाखवायची होती. गाठोड्याभोवती आणि पाठोपाठ भिकाऱ्यांच्या वेशातली माणसं चालली होती. हे नेहमीसारखे एकसारखे गणवेश नव्हते, प्रत्येकाचं लक्तर वेगळं. त्रिंता स्वतः सफाई कामगाराच्या गणवेशात उतरले होते.

निकाल

गुणमोजणीत बेइजा-फ्लोर आणि इम्पेरात्रिझ लेओपोल्दिनेन्से यांचे गुण समान झाले. बरोबरी फोडण्याच्या नियमानं मुकुट इम्पेरात्रिझला गेला. प्रजासत्ताकाच्या शताब्दीवरची ती मिरवणूक नीटस, भरजरी आणि निर्दोष होती, आणि तिच्या एन्रेदोचं नाव होतं ‘स्वातंत्र्या, आमच्यावर तुझे पंख पसर’. स्वातंत्र्याचं गाणं जिंकलं, झाकलेला ख्रिस्त दुसरा आला. यात कट शोधणारे आजही भेटतात. मला तसं दिसत नाही. परीक्षक ढोलपथक, सांबा, ताल-मेळ, चाल, पोशाख, ध्वजधारी जोडी अशा निकषांवर वेगवेगळे गुण देतात. धैर्य हा निकषच नाही. बरोबरी झाल्यावर एखाद-दुसऱ्या परीक्षकानं कापलेला एखादा गुण निर्णायक ठरतो, आणि तो गुण ख्रिस्तासाठी कापलेला नसतो.

आठवणीत मात्र उलट झालं. इम्पेरात्रिझचा सांबा लोक अजून गातात, पण १९८९ म्हटलं की चित्र बेइजा-फ्लोरचं येतं. उघडा ख्रिस्त गेला असता तर तो त्या रात्रीच्या कितीतरी धाडसी रथांपैकी एक राहिला असता, असं मला वाटतं. धर्मप्रांताला मूर्ती लोकांच्या नजरेआड करायची होती. बंदीनंच ती जगभरच्या वृत्तपत्रांत पोचवली.

निलोपोलिसच्या गरिबांचं काय झालं, हाही निकालाचाच भाग धरायला हवा. मिरवणूक संपली आणि नवं चलनही महागाईनं खाल्लं. मे १९९३ मध्ये रिओतल्या एका न्यायाधीशांनी जोगो दो बिशोच्या चौदा म्होरक्यांना एकत्र शिक्षा सुनावली. कचऱ्याचा कार्निव्हल उभा करणारा पैसा कुठून येत होता, हे तेव्हा कोर्टाच्या कागदावर आलं.

वेगळं काय करता आलं असतं

धर्मप्रांतापुढे कोर्टाबाहेरचे मार्ग होते. स्कूलशी बोलता आलं असतं, निषेधाचं पत्र काढता आलं असतं, किंवा सर्वांत अवघड म्हणजे, हा ख्रिस्त आमच्याच शिकवणुकीतला आहे असं म्हणून वादातली हवाच काढून घेता आली असती. मनाई हुकमानं मूर्ती थांबली, पण अर्थ थांबला नाही.

स्कूलची चूक मला तयारीत दिसते. शहराच्या सर्वांत ओळखीच्या धार्मिक प्रतिमेला चिंध्या घालताना आक्षेप येईल, हे महिनोन्महिने आधी कळायला हवं होतं. रथाचं दुसरं रूप आधीच आखून ठेवता आलं असतं. मिरवणुकीचा सगळा अर्थ एकाच, पहिल्या रथावर टांगणं हा जुगार होता. प्लास्टिकची कल्पना सुचली म्हणून तो फळला.

पुढच्यांनी यातून काय घेतलं ते पाहण्यासारखं आहे. २००८ साली व्हिरादोउरो या स्कूलनं अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टींवर एन्रेदो केला आणि त्यात ज्यूंच्या संहाराचा, प्रेतांच्या ढिगाचा रथ आणला. रिओतल्या ज्यू संघटनेनं कोर्टातून तो थांबवला. स्कूलनं त्या जागी पांढऱ्या कपड्यांतली, तोंडावर पट्टी बांधलेली माणसं उभी केली आणि स्वातंत्र्याचा फलक लावला. १९८९ ची ही सरळ नक्कल, आणि ती बसली नाही. बेइजा-फ्लोरमध्ये झाकणं विषयाच्या पोटातून आलं होतं. इथे बळींच्या वेदनेच्या जागी स्कूलनं स्वतःची तक्रार मांडली. ज्यांनी आक्षेप घेतला होता त्यांच्या आजी-आजोबांचा तो संहार होता. धर्मपीठाच्या नाराजीत आणि या आक्षेपात फरक आहे, तो या निर्णयात दिसला नाही.

२०२० साली मांगेइरानं दुसरा धडा घेतला. आज ख्रिस्त जन्मला तर तो मांगेइराच्या टेकडीवरच्या वस्तीत जन्मेल, असा तो एन्रेदो. ख्रिस्त काळा, ख्रिस्त आदिवासी, ख्रिस्त बाई, आणि एका रथावर गोळ्यांनी चाळण झालेला, क्रुसावरचा काळा तरुण. विषय कित्येक महिने आधी जाहीर केला होता, त्यामुळे वाद मिरवणुकीच्या बराच आधी पेटला. विरोधात सह्यांच्या मोहिमा झाल्या, स्कूलचा कार्नावालेस्को मुलाखतींतून उत्तरं देत राहिला. कोर्टाचा हुकूम आला नाही, एकही रथ झाकावा लागला नाही. मांगेइरा त्या वर्षी सहावी आली.

लाइला २०२१ मध्ये कोविडनं गेले. २०२५ साली बेइजा-फ्लोरनं त्यांच्यावरच एन्रेदो केला आणि जेतेपद घेतलं.